पोलादाचे पाणी

मराठीत हत्याराच्या संदर्भात ‘पाणी’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. तापवून लाल केलेले पाते लोहार पाण्यात किंवा तेलात बुडवतो, तेव्हा तो त्या पात्याला ‘पाणी देतो’. आणि तयार झालेल्या पात्यावर जे तेज खेळते, त्यालाही पाणीच म्हणतात. फार्सीतील ‘आबदार’ या शब्दामागेही हीच कल्पना आहे. दमास्कस या नावाने जगभर प्रसिद्ध असलेल्या पोलादाच्या बाबतीत मात्र ही कल्पना केवळ भाषेचा अलंकार राहत नाही. अशा पोलादाचा शिकारीचा सुरा उजेडात धरला, तर त्याच्या पृष्ठभागावर खरोखरच पाण्याच्या लाटा दिसतात. करड्या व रुपेरी रेघा एकमेकींत मिसळत, वळत, फुटत पाठीपासून धारेपर्यंत पसरलेल्या असतात. कधी त्या लाकडाच्या रेषांसारख्या दिसतात, कधी वाऱ्याने हललेल्या तळ्यासारख्या, तर कधी शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

ही नक्षी कोरलेली नसते व रंगवलेलीही नसते. पाते बारीक दगडावर घासून झिलई दिली, तर ती पूर्णपणे नाहीशी होते आणि पाते आरशासारखे कोरे दिसू लागते. त्यानंतर सौम्य आम्ल लावले, की तीच नक्षी त्याच जागी पुन्हा उमटते. याचा अर्थ असा, की ती पृष्ठभागावर नसून पोलादाच्या अंगात असते. ते पोलाद कशापासून बनले, कसे तापले, कसे ठोकले गेले, या सर्वांची नोंदच त्या रेघांमध्ये असते. ही नोंद वाचण्यास शास्त्रज्ञांना सुमारे दोनशे वर्षे लागली. आणि ती वाचता येईपर्यंत ती लिहिणारे हात बहुतेक नाहीसे झाले होते.

एक नाव, दोन वस्तू

दमास्कस हे सीरियातील प्राचीन शहर. मध्ययुगात तेथील बाजारपेठेत पूर्वेकडील उत्तम तलवारी मिळत. युरोपीय लोकांना या तलवारींची ओळख तेथे झाली, म्हणून त्यांनी त्या पोलादाला शहराचे नाव दिले, असे सामान्यतः मानले जाते. काहींच्या मते दमास्कसमधील नक्षीदार कापडाशी असलेल्या साम्यामुळे हे नाव पडले. नावाचा उगम काहीही असो, तलवारींचे उत्तम पोलाद मोठ्या प्रमाणावर भारतातून जात असे. अरबी भाषेत ‘मुहन्नद’ हा शब्द हिंदी पोलादाच्या तलवारीसाठी रूढ होता, यावरूनही त्याचा लौकिक लक्षात येतो.

आज मात्र दमास्कस या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू ओळखल्या जातात. पहिली म्हणजे मुशीत वितळवून तयार केलेले पोलाद. त्यातील नक्षी धातू थंड होताना व नंतर ठोकला जाताना आपोआप तयार होते. दुसरी म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या एकमेकींवर रचून, तापवून व ठोकून एकजीव केलेले पोलाद. त्यातील नक्षी लोहार स्वतः रचतो. पहिल्या प्रकाराचे माहेर दक्षिण भारत व श्रीलंका. मध्य आशियातही मुशीतील पोलादाची जुनी परंपरा होती. दुसरा प्रकार युरोपातील जुन्या लोहारांना चांगला परिचित होता. इंग्लंडमधील सटन हू येथे सापडलेली सातव्या शतकातील तलवार याच पद्धतीने घडवलेली आहे. आज दुकानांत व प्रदर्शनांत दमास्कस म्हणून जे सुरे दिसतात, ते बहुतेक सर्व दुसऱ्या प्रकारचे असतात. दोन्ही प्रकारांतील नक्षी वरवर सारखी दिसली, तरी त्यांचा जन्म वेगवेगळ्या रीतीने होतो. म्हणून त्यांचा विचारही वेगळा करणे आवश्यक आहे.

मुशीत जन्मलेले पोलाद

लोखंड व पोलाद यांतील फरक मुख्यतः कार्बनचा असतो. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, म्हणून ते मऊ व चिवट असते. बिडात तो दोन टक्क्यांहून अधिक असतो, त्यामुळे बीड कठीण पण ठिसूळ होते. पोलाद या दोहोंच्या मध्ये येते. नेहमीच्या सुऱ्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर असते. दक्षिणेतील मुशीच्या पोलादात ते सुमारे दीड टक्का असे. पोलादाच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे आहे, आणि त्याचे गुण व त्याच्या अडचणी या दोन्ही गोष्टी येथूनच सुरू होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात हिंडलेल्या निरीक्षकांनी ही कृती तपशिलाने लिहून ठेवली आहे. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०० व १८०१ या वर्षांत म्हैसूर प्रदेशातील भट्ट्या पाहिल्या. त्या काळातील वर्णने एकत्र वाचली म्हणजे कृती अशी दिसते : प्रथम लहान भट्टीत खनिजापासून घडीव लोखंड काढीत. त्याचे लहान तुकडे मातीच्या मुशीत घालीत व त्यांबरोबर तरवडाचे वाळलेले लाकूड आणि रुईची किंवा एखाद्या वेलीची हिरवी पाने ठेवीत. मुशीची माती भाताच्या तुसांबरोबर मळलेली असे. तुसे जळून गेल्यावर त्यांचा कोळसा व राख मातीत राहत आणि मूस प्रखर उष्णता सोसू शके. मुशीचे तोंड मातीने घट्ट लिंपून अशा अनेक मुशी एकाच भट्टीत रचीत आणि कातडी भात्यांनी तासन्‌तास वारा घालीत.

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता कोळशाच्या लहान भट्टीत मिळणे अवघड. परंतु बंद मुशीत लाकडाचा व पानांचा कार्बन लोखंडात शिरू लागला, की त्याचा वितळबिंदू खाली येतो. त्यामुळे सामान्य लोहाराच्या आवाक्यातील उष्णतेत पोलाद पूर्णपणे द्रवरूप होते. मळी वर तरंगते आणि धातू खाली निवळतो. मूस हलवून पाहिली असता आतला धातू हलल्याचे जाणवले, म्हणजे काम झाले असे समजत. मूस थंड झाल्यावर ती फोडून आतली लहानशी वडी काढीत. हेच ते ‘उक्कू’. तेलुगू व कन्नड भाषांत पोलादाला हा शब्द आहे.

उत्तर तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव या पोलादासाठी विशेष प्रसिद्ध होते. तेथील कृतीचे हेन्री व्हॉयसी याने केलेले वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. तेथील कारागीर दोन वेगवेगळ्या गावांहून आणलेले दोन जातींचे लोखंड मिसळून मुशीत घालीत. हे पोलाद विकत घेण्यासाठी इराणातील इस्फहानहून व्यापारी येत, असेही त्याने नोंदवले आहे. याच्या आधी सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही गोवळकोंडा राज्यातील पोलाद इराणात जात असल्याचा उल्लेख केला होता. खाणीतून खनिज काढणारा, त्यापासून लोखंड बनवणारा, मूस घडवणारा, भाता चालवणारा, वडी विकत घेणारा व्यापारी आणि शेवटी शेकडो कोस दूर बसून त्या वडीची तलवार करणारा लोहार अशी ही लांब साखळी होती. प्रत्येकाला आपल्यापुरते काम उत्तम येत असे. संपूर्ण साखळीचे ज्ञान मात्र कोणा एकाजवळ नव्हते.

मुंबईहून गेलेले नमुने

या पोलादाचा आधुनिक शास्त्राशी पहिला महत्त्वाचा संबंध मुंबईतून आला. मुंबईतील डॉक्टर हेलिनस स्कॉट याने १७९४ च्या सुमारास काही वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. जॉर्ज पिअर्सन याने त्यांचे परीक्षण करून १७९५ साली आपला निबंध सोसायटीपुढे वाचला. त्यात या पोलादाला ‘वूट्झ’ असे नाव दिलेले आहे. हे ‘उक्कू’ या शब्दाचेच बहुधा बिघडलेले रूप असावे. पण युरोपात तेच रूढ झाले.

युरोपातील लोहारांना या वड्यांनी बुचकळ्यात टाकले. ते आपल्या सवयीप्रमाणे पोलाद पांढरे होईपर्यंत तापवीत आणि ऐरणीवर घेताच त्याचे तुकडे होत. एवढा कार्बन असलेले पोलाद फार तापले, तर आतल्या आत वितळू लागते आणि घण बसताच फुटते. पूर्वेकडील लोहार ते लाल ते नारिंगी रंगाच्या मर्यादेतच ठोकीत. त्या रंगांत पोलाद हट्टी असते, घणाखाली हळूहळूच पसरते, आणि त्यामुळे पात्याला अनेक फेऱ्या तापवावे लागते. हा सोशिकपणाच नक्षीचे रहस्य होता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

लंडनमधील सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट याला या पोलादाची धार फार पसंत पडली. त्याच्या साहाय्याने मायकेल फॅरडे याने १८१९ ते १८२२ या काळात त्यावर प्रयोग केले. फॅरडे हा स्वतः लोहाराचा मुलगा. या पोलादाचे गुण त्यातील ॲल्युमिनियम व सिलिका यांमुळे आले असावेत, असे त्याने प्रथम मानले. तो तर्क चुकीचा ठरला. तथापि पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्याचा जो पद्धतशीर अभ्यास त्याने केला, त्यातून मिश्र पोलादांच्या संशोधनाची वाट मोकळी झाली. पॅरिसच्या टांकसाळीतील परीक्षक ब्रेआँ याने शेकडो प्रयोग करून १८२० च्या दशकात सांगितले, की नक्षीचे मूळ जास्तीच्या कार्बनमध्ये आहे. उरल पर्वतातील झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव्ह याने या पोलादाचे पुनरुत्पादन करण्यासाठी अनेक वर्षे खर्च केली आणि आपले निष्कर्ष १८४१ साली प्रसिद्ध केले. पोलादाची अंतर्रचना पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते.

नक्षीचे कारण

लोखंड व कार्बन यांच्या संयोगाने सिमेंटाइट नावाचे अत्यंत कठीण संयुग तयार होते. मुशीच्या पोलादात कार्बन भरपूर असल्याने या संयुगाचे बारीक कण मोठ्या संख्येने असतात. ते सर्वत्र सारखे विखुरलेले असते, तर नक्षी दिसली नसती. पण नक्षीदार पात्यात ते पातळ पडद्यांसारख्या थरांत गोळा झालेले आढळतात. आम्ल लावले असता सभोवतालचे पोलाद काळवंडते आणि कणांचे थर पांढरट राहतात. त्यामुळे डोळ्यांना लाटा दिसतात.

हे कण थरांतच का गोळा होतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अमेरिकेतील धातुवैज्ञानिक जॉन व्हरहोवेन आणि फ्लॉरिडातील लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून विसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. एकाजवळ प्रयोगशाळा होती, दुसऱ्याजवळ ऐरण होती. पेंड्रे मुशीत वड्या तयार करून त्यांची पाती घडवी आणि व्हरहोवेन त्यांची व संग्रहालयांतील जुन्या पात्यांची तपासणी करी. त्यांना असे आढळले, की खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश येथे निर्णायक ठरतो. त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्याहून कमी असले तरी पुरते. वडी मुशीत हळूहळू घट्ट होत असताना हे अंश वाढत्या स्फटिकांच्या फटींत साठतात. पुढे पाते वारंवार तापवून ठोकले जाते, तेव्हा प्रत्येक फेरीत सिमेंटाइटचे कण याच जागांभोवती टिकतात व वाढतात, तर इतर ठिकाणचे विरघळून जातात. त्यांचा १९९८ सालचा निबंध या विषयात महत्त्वाचा मानला जातो.

या शोधाने दोन जुन्या गोष्टींचा उलगडा झाला. पहिली अशी, की कमी उष्णतेत अनेक फेऱ्यांनी ठोकण्याची रीत ही केवळ सावधगिरी नव्हती. नक्षी त्या फेऱ्यांतच जन्मत होती. दुसरी अशी, की कृती तंतोतंत पाळूनही एखाद्या ठिकाणचे पोलाद कोरे का निघे, हे कळले. खनिज बदलले, त्यातील तो सूक्ष्म अंश गेला, की उत्तम लोहाराच्या हातूनही पाणी उमटत नसे. आपल्या यशाचे एक कारण आपल्याला दिसतही नाही, हे त्या लोहाराला ठाऊक असणे शक्य नव्हते.

थरांवर थर

दुसऱ्या पद्धतीत असे काही दडलेले नसते. तेथे नक्षी लोहाराच्या योजनेतून येते, म्हणून तिची कृती पायरीपायरीने सांगता येते. ही कला आधुनिक काळात मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू होण्यास अमेरिकेतील मेरिलँडचा लोहार विल्यम मोरान कारणीभूत झाला. त्याने १९७३ साली सुरे बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनात अशा पोलादाचे सुरे मांडले. त्यानंतर ही पद्धत अनेक देशांत पसरली.

या कामासाठी दोन जातींचे पोलाद घेतात. एक साधे, भरपूर कार्बन असलेले. दुसरे तेवढ्याच कठीणपणाचे, पण सुमारे दोन टक्के निकेल असलेले. लाकूड कापणाऱ्या पट्टी-करवती अशा निकेलयुक्त पोलादाच्या असतात. दोन्ही पोलादे पाणी दिल्यावर जवळजवळ सारखीच वागली पाहिजेत, अन्यथा एक आकसते व दुसरे आकसत नाही आणि पाते चिरते. पट्ट्या घासून स्वच्छ करतात आणि आळीपाळीने, म्हणजे समजा चार एका जातीच्या व तीन दुसऱ्या जातीच्या, अशा सात पट्ट्या एकमेकींवर रचून तारेने घट्ट बांधतात. हाताळण्यासाठी त्यांना एक लांब दांडा जोडतात.

हा गठ्ठा प्रथम लाल होईपर्यंत तापवून त्यावर टाकणखार टाकतात. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, पट्ट्यांवरील गंजाचे खवले आपल्यात विरघळवून घेतो आणि हवेला आत येऊ देत नाही. त्यानंतर गठ्ठा पुन्हा भट्टीत ठेवून फिकट पिवळा होईपर्यंत, म्हणजे सुमारे १२५० अंशांपर्यंत, तापवतात. या वेळी पृष्ठभाग ओला असल्यासारखा चमकू लागतो. गठ्ठ्यातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर पोलाद जळू लागले असे समजावे. मग ते कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

आता घाई करावी लागते, पण जोर करून चालत नाही. पहिले घाव हलके व सरळ असावे लागतात. जोराचा घाव पट्ट्या जोडण्याऐवजी सरकवतो. हलक्या घावांनी टाकणखार व मळी फटींतून बाहेर उसळतात आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. येथे काहीही वितळवलेले नसते व मध्ये कोणताही डाग भरलेला नसतो. उष्णता व दाब यांमुळेच दोन पृष्ठभागांमधील सीमा नाहीशी होते. एखाद्या जागी मळी अडकली, तर ती आतच राहते आणि कित्येक तासांच्या श्रमानंतर, पाते घासून पातळ केल्यावर, काळी रेघ होऊन वर येते. म्हणून जाणता लोहार हे तापवणे व ठोकणे आणखी एकदोन वेळा करतो आणि मगच गठ्ठा लांबवू लागतो.

गठ्ठा लांब झाला, की मधोमध छिन्नीने खाच पाडून तो घडी घालतात किंवा कापून एकावर एक ठेवतात आणि पुन्हा जोडतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात : सातांचे चौदा, चौदांचे अठ्ठावीस, आणि अशा पाच घड्यांनंतर हिशेबाने दोनशे चोवीस. थर जितके अधिक तितके चांगले, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. थर फार झाले, की रेघा इतक्या बारीक होतात, की डोळ्यांना केवळ करडा रंग दिसतो. शिकारीच्या सुऱ्यासाठी दोनशेच्या आसपासचे थर पुरतात.

थर सपाट असतील, तर पात्यावर साध्या लाकडी रेषा दिसतात. नक्षी आणण्यासाठी ते थर मोडावे लागतात. गठ्ठा तापवून दोरीसारखा पिळला, तर तारकांसारखी वळणे मिळतात. त्यावर आडवे चर कानशीने पाडून तो पुन्हा सपाट ठोकला, तर शिडीच्या पायऱ्या उमटतात. चरात कापले गेलेले खालचे थर वर येतात आणि लाटेसारखे वळतात. इराणी तलवारींवर दिसणारी शिडीची नक्षी याच युक्तीने, पण मुशीच्या पोलादावर, केलेली असे. नक्षी म्हणजे थरांचा छेद, एवढे एकच तत्त्व दोन्हीकडे आहे.

सुऱ्याची घडण

शिकारीचा सुरा हे लढाईचे हत्यार नव्हे. जनावर सोलणे, सांधे सोडवणे, फांदी तासणे ही त्याची कामे. म्हणून त्याचे पाते लांब नसते. साधारणतः १० ते १२ सेंटिमीटर पुरते. पाठ सुमारे ४ मिलिमीटर जाड, पोट किंचित गोलसर आणि टोक हाताच्या काबूत राहील असे खाली उतरलेले असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ पूर्ण बंद झाली. त्यामुळे येथे हा सुरा आता कलाकुसरीची व संग्रहाची वस्तू म्हणूनच उरला आहे. त्याचा आकार मात्र जुन्या उपयोगानेच ठरवलेला आहे.

गठ्ठ्याची पट्टी झाल्यावर लोहार प्रथम टोक ठोकून काढतो, मग मुठीत जाणारी शेपटी बारीक करतो आणि शेवटी धारेची बाजू पातळ करतो. धार पातळ होताना त्या बाजूचे पोलाद लांबते, त्यामुळे पाते पाठीकडे वाकू लागते. अनुभवी लोहार हे आधीच ओळखून पाते सुरुवातीला उलट दिशेने थोडे वाकवून ठेवतो. धार ठोकून झाली, की ते आपोआप सरळ येते. पाते शक्य तितके ऐरणीवरच पूर्ण आकाराला आणणे हिताचे असते. घासून जितके काढावे लागेल, तितके कष्टाने जोडलेले थर धुळीत जातात.

यानंतर पाते दोनतीन वेळा लाल तापवून हवेत निवू देतात. ठोकताना पडलेले ताण त्यामुळे निघून जातात आणि कणरचना बारीक होते. मग कानस व दगड यांनी आकार नेमका करतात, पण धार अद्याप काढीत नाहीत. ती सुमारे एक मिलिमीटर जाड ठेवतात. तिला पातळ केले, तर पाणी देताना ती वळते किंवा तडकते.

पाणी देणे व नक्षी उघडणे

पाणी देण्याचा क्षण हा सर्व कामातला कसोटीचा क्षण होय. पाते हळूहळू सारखे तापवीत नेतात व मधूनमधून त्याला लोहचुंबक लावून पाहतात. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. त्याहून किंचित अधिक तापवले, की पाते तयार होते. मग ते कोमट तेलात टोकाकडून सरळ खाली बुडवतात. तेलात ते आडवे हलवले, तर एक बाजू आधी निवून पाते वाकते. अचानक निवल्यामुळे कार्बनला आपली जागा सोडण्यास अवसर मिळत नाही आणि पोलाद अतिशय कठीण बनते. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस फिरवली असता ती न चावता घसरली, म्हणजे पाणी बरोबर बसले.

या अवस्थेत पाते काचेसारखे असते. हातातून फरशीवर पडले, तरी तुटण्याचा संभव असतो. म्हणून ते लगेच सुमारे २०० अंशांवर दोन तास तापवतात आणि हे पुन्हा एकदा करतात. घासलेल्या भागावर गवती पिवळा रंग चढतो. थोडा कठीणपणा देऊन बराच चिवटपणा विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. त्यानंतर धार काढून पात्याला बारीक झिलई देतात. या टप्प्यावर पाते अगदी कोरे दिसते.

शेवटी ते फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात काही मिनिटे ठेवतात. साधे पोलाद काळे पडते, निकेलचे पोलाद रुपेरी राहते, आणि इतका वेळ झाकलेली नक्षी एकाएकी समोर येते. जुने कारीगर याच कामासाठी हिराकसासारख्या खनिजाचे पाणी वापरीत. नंतर खाण्याच्या सोड्याने आम्ल मारून पाते धुतात, पुसतात व त्याला तेल लावतात. शिसवीची मूठ बसवली, की सुरा पूर्ण होतो.

थरांच्या पोलादाविषयी एक गैरसमज येथे दूर करणे योग्य होईल. कठीण व मऊ थरांच्या मिलाफामुळे हे पोलाद इतर सर्व पोलादांहून सरस होते, असे सांगितले जाते. वस्तुतः जोडण्याच्या प्रखर उष्णतेत कार्बन एका थरातून दुसऱ्या थरात झिरपतो आणि काही घड्यांनंतर सर्वत्र जवळजवळ सारखा होतो. निकेल मात्र जागचे हलत नाही. म्हणून नक्षी टिकते, पण कठीणपणातील फरक टिकत नाही. उत्तम एकजिनसी पोलादाचा सुराही तितकाच चांगला कापतो. या सुऱ्याचे मोल जादूत नसून, दोनशे थर एकाही फटीवाचून जोडणाऱ्या हाताच्या कौशल्यात आहे.

तुटलेली साखळी

थरांचे पोलाद पुन्हा शिकता आले, कारण त्याचे सारे ज्ञान एका लोहारशाळेत मावते. मुशीच्या पोलादाचे तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्याच्या साखळीचा एकेक दुवा निखळत गेला. बंदुकीपुढे तलवारीची मागणी घटली. १८५७ नंतर लोकांकडील शस्त्रे काढून घेण्यात आली. १८७८ या एकाच वर्षी ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात शस्त्रांचा व जंगलांचा असे दोन्ही कायदे झाले; पहिल्याने हत्याराचे गिऱ्हाईक आकसले, दुसऱ्याने भट्टीचा कोळसा महागला. विलायती कारखान्यांचे स्वस्त पोलाद बाजारात भरले. जेथे मागणी उरली, तेथेही योग्य खनिज हाती येईलच अशी खात्री नव्हती. शतक संपता संपता मुशी थंडावल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय संशोधकांनी तमिळनाडू, कर्नाटक व तेलंगणातील जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधून त्यांचा अभ्यास केला आहे. तमिळनाडूत मेल-सिरुवलूर येथे आणि तेलंगणात कोनसमुद्रमच्या परिसरात फुटक्या मुशींचे तुकडे व मळीचे ढीग आढळतात. त्या खापरांना चिकटलेल्या धातूच्या कणांतून कृतीचे तपशील पुन्हा मिळू लागले आहेत. जर्मन संशोधकांनी २००६ साली सतराव्या शतकातील एका तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्याचे जाहीर केले. जुन्या पात्याजवळ सांगण्यासारखे अजून बरेच शिल्लक आहे, हे त्यावरून दिसले.

कारागिराच्या हाताने केलेली वस्तू मागे राहते. तिच्यामागचे ज्ञान राहीलच असे नाही. ते ज्ञान अनेक गावांत व अनेक जातींच्या हातांत वाटलेले असले आणि कोठेही लिहिलेले नसले, तर एक दुवा तुटताच सारे थांबते. नक्षीदार पोलादाचे वैशिष्ट्य हे, की त्याने आपल्या घडणीची नोंद स्वतःच्या अंगात जपून ठेवली. पाते कितीही घासले, तरी आम्लाचा एक हात फिरताच ती नोंद पुन्हा उमटते : मूस किती हळू निवली, घण कोणत्या रंगात पडला, चर कोठे कापला गेला. ज्या लोहारांनी ही अक्षरे लिहिली, त्यांची नावे बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. पाणी मात्र अजून हलते आहे.